आकाशातील पहारा आणि नागरिकाचा प्रश्न

संरक्षणासाठी सोडल्या जाणाऱ्या लहान उपग्रहांचा विषय निघाला की आमच्या सुशिक्षित मंडळींच्या जिभेला एकाएकी टाळे लागते. 'हे राष्ट्ररक्षणाचे काम. सामान्यांनी त्यात चौकशी करू नये,' हे त्यांचे ठरलेले उत्तर. हे मत दिसावयास देशभक्तीचे असले, तरी वस्तुतः ते आळसाचे आहे.

वस्तुस्थिती पाहा. 24 जानेवारी 2019 रोजी 'मायक्रोसॅट-आर' सुमारे 274 किलोमीटर उंचीवर सोडण्यात आला. हा छायाचित्रे घेणारा उपग्रह, असे लोकांस सांगितले गेले. 27 मार्च रोजी आपल्याच क्षेपणास्त्राने त्याच्या ठिकऱ्या उडविल्या. पाठोपाठ 1 एप्रिलला 436 किलो वजनाचा 'एमिसॅट' वर गेला. त्याचे प्रयोजन 'विद्युच्चुंबकीय वर्णपटाचे मापन' असे जाहीर झाले. रडार कोठे आहे व कोणत्या लहरीवर चालते, हे आकाशातून हुडकण्याची ही विद्या. तिचे शास्त्र काही मंत्रतंत्र नव्हे. किलोभरही वजन नसलेला 'स्वयम्' पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविला आणि तो 22 जून 2016 रोजी आकाशात गेला.

'पण सीमेवरील पहाऱ्याशी तुमचा काय संबंध?' असे कोणी विचारील. त्यास उत्तर भूगोलाचे आहे. ध्रुवीय कक्षेत उपग्रह फिरत असता खाली पृथ्वी वळत राहते. म्हणून जो डोळा सीमेवरून जातो, तोच आमच्या सडक अर्जुनीवरूनही जातो. 16 ऑगस्ट 2024 रोजी सोडलेल्या 'ईओएस-08' वर रात्रीही पाहणारा अवरक्त कॅमेरा आहे. नवेगाव-नागझिऱ्याच्या रानात वणवा लागला, तर असा डोळा उपकारकच होय. परंतु मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटविणाऱ्या बाईविरुद्ध असाच डोळा उद्या साक्षीस उभा राहिला, तर त्याची उलटतपासणी ती कशी करणार?

सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यावर आक्रमण करावयाचे तर कायदा हवा, हेतू उचित हवा आणि उपाय प्रमाणात हवा, असेही बजावले. अंतराळविषयक विधेयकाचा मसुदा त्याच वर्षी निघाला. 2023 साली आले ते मात्र धोरण. धोरण म्हणजे कायदा नव्हे. उलट 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने सरकारला आपल्या संस्थांस सूट देण्याची मुभा ठेवली.

यंत्राची तीक्ष्णता, लहरींचे आकडे, कक्षेतील डावपेच हे खुशाल गुप्त असोत. ते सांगून शत्रूचे काम सोपे करा, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. पण देशातील माणसांवर हा डोळा कोणाच्या लेखी आज्ञेने वळवावयाचा, टिपलेले किती काळ ठेवावयाचे आणि चूक झाल्यास दाद कोठे मागावयाची, या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी कोणत्याही शत्रूच्या हाती काही लागत नाही. ती उत्तरे संसदेने कायद्यात लिहिली पाहिजेत. ज्या घरांतील मुले उद्या याच प्रयोगशाळांत नोकरीस जाणार आहेत, त्या घरांनी तरी हे प्रश्न विचारण्यास भिऊ नये.