वैद्यकीय कारणास्तव सेवामुक्त सैनिक : संसदेत विचारायला हवेत असे प्रश्न

नवी दिल्ली : दुखापत किंवा आजारामुळे लष्करी सेवेतून मुक्त करण्यात आलेल्या जवानांचा विषय संसदेत वेळोवेळी उपस्थित होतो. एकूण किती जणांना सेवामुक्त केले, त्यांना निवृत्तिवेतन मिळते का, पुनर्वसनाची तरतूद काय, असे या प्रश्नांचे साधारण स्वरूप असते. मात्र जवानाचे भवितव्य एकूण आकड्यावर ठरत नाही. ते वैद्यकीय मंडळाच्या एका निष्कर्षावर अवलंबून असते : अपंगत्व सेवेमुळे उद्भवले अथवा बळावले आहे, की सेवेशी त्याचा संबंध नाही?

हा संबंध मान्य झाला आणि अपंगत्व किमान २० टक्के ठरले, तर सेवामुक्त जवानाला अपंगत्व निवृत्तिवेतन मिळते. संबंध नाकारला गेल्यास हा हक्क जातो. मग प्रथम अपील, द्वितीय अपील आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण असा मार्ग उरतो. उपजीविका गमावलेल्या आणि उपचार सुरू असलेल्या माणसासाठी हा मार्ग सोपा नाही.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ मधील धरमवीर सिंग प्रकरणातील निकाल महत्त्वाचा ठरतो. भरतीच्या वेळी नोंदवहीत कोणत्याही आजाराचा उल्लेख नसेल, तर जवान त्या वेळी निरोगी होता असे गृहीत धरावे, नंतरच्या आजाराचा सेवेशी संबंध असल्याचे सिद्ध करण्याचा भार जवानावर टाकू नये आणि वाजवी संशयाचा फायदा त्याला द्यावा, ही या निकालाची मुख्य सूत्रे आहेत. मंडळाने आपल्या मताची कारणे नोंदवणेही त्यात अपेक्षित आहे. तरीही त्याच मुद्द्यावरील दावे पुढेही न्यायाधिकरणात जात राहिले. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१५ मध्ये अशी खटलेबाजी कमी करण्याचे उपाय सुचवले होते.

दरम्यान नियमही बदलले. जुलै २०२० मध्ये सरकारने १० वर्षांपेक्षा कमी सेवा झालेल्या आणि सेवेशी संबंध नसलेल्या कारणाने मुक्त झालेल्या सैनिकांनाही अशक्तता निवृत्तिवेतन देण्याचा निर्णय घेतला. पूर्वी त्यांना केवळ उपदान मिळत असे. ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांना हा लाभ लागू झाला. मात्र संबंधित व्यक्ती लष्करी सेवेबरोबरच नागरी नोकरीसाठीही कायमची असमर्थ असावी, अशी अट त्याला जोडलेली आहे. सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम अमलात आले. अपंगत्व असूनही सेवेत राहून निवृत्त होणाऱ्यांसाठी अपंगत्व घटकाऐवजी 'इम्पेअरमेंट रिलीफ' ही संज्ञा त्यात आली. तरतुदींचा गैरफायदा रोखणे हा उद्देश असल्याचे सरकारचे म्हणणे आहे. ही चिंता अवाजवी नाही. परंतु गैरफायदा घेणारा आणि खरा गरजू यांतील फरक करण्याचे काम अखेर त्याच वैद्यकीय मंडळाकडे येते.

काही गट तर या चौकटीबाहेरच आहेत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसारख्या संस्थांत प्रशिक्षणादरम्यान जायबंदी झालेल्या छात्रांना अधिकारीपद मिळालेले नसल्याने माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. १९८५ पासून अशा सुमारे ५०० छात्रांना मुक्त करण्यात आल्याच्या वृत्ताची सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. त्यांना मिळणारे मासिक सानुग्रह साहाय्य अपंगत्वाच्या प्रमाणानुसार कमाल ४० हजार रुपयांच्या आसपास होते. त्यानंतर माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना त्यांना खुली करण्यात आली. अग्निवीरांनाही अपंगत्व निवृत्तिवेतन नाही. सेवेमुळे आलेल्या ५०, ७५ किंवा १०० टक्के अपंगत्वासाठी अनुक्रमे १५, २५ व ४४ लाख रुपये एकरकमी दिले जातात.

म्हणूनच प्रश्नाची मांडणी निर्णायक ठरते. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते, पूरक प्रश्नाची संधी नसते. त्यामुळे एकूण संख्या विचारली, तर एकूण संख्याच हाती येते. त्याऐवजी किती दावे पहिल्या टप्प्यावर आणि कोणत्या आजारांसाठी नाकारले, त्यांपैकी किती अपिलात वा न्यायाधिकरणात मंजूर झाले, जवानाच्या बाजूने लागलेल्या किती निकालांना सरकारने आव्हान दिले आणि अंमलबजावणीस सरासरी किती महिने लागले, अशी वर्षनिहाय माहिती मागितल्यास व्यवस्थेचे खरे चित्र दिसेल. नाकारलेल्या दाव्यांचा मोठा हिस्सा पुढे मंजूर होत असेल, तर दोष पहिल्या निर्णयात आहे. तो हिस्सा अल्प असेल, तर सरकारच्या भूमिकेला बळ मिळेल.

'माहिती गोळा करण्यात येत आहे' असे उत्तर आले, तरी विषय तेथे संपत नाही. असे उत्तर आश्वासन मानले जाते आणि त्याची पूर्तता तीन महिन्यांत अपेक्षित असते. त्यावर शासकीय आश्वासन समितीची देखरेख असते. सदस्यांनी हा पाठपुरावा सातत्याने केला, तर प्रत्येक जवानाला स्वतंत्रपणे न्यायाधिकरणाची पायरी चढण्याची गरज कमी होऊ शकेल.