गर्भाच्या मात्रेची एक ओळ

नाशकातल्या कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात गर्भवती स्त्री गेली, की तिचे नाव, पत्ता, अपत्यांची संख्या आणि तपासणीचे प्रयोजन 'फॉर्म एफ'मध्ये नोंदवावे लागते आणि तो कागद दोन वर्षे दप्तरी जपावा लागतो. मुलींच्या जिवासाठी १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने घातलेला हा दंडक सर्वस्वी उचित आहे. परंतु ज्या ध्वनिलहरींत किरणोत्सर्गाचा लवलेश नाही त्यांच्यासाठी एवढी तजवीज, आणि त्याच स्त्रीला फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्याच्या संशयाने सीटी स्कॅनच्या टेबलावर निजवले, तर गर्भाला किती मात्रा पोचली याची एक ओळही बहुधा तिच्या कागदावर नसावी, ही विसंगती मला अस्वस्थ करते.

गर्भाशयात मापक ठेवता येत नाही, हे खरे. तथापि तपासणी संपताच यंत्राच्या पडद्यावर मिलिग्रे आणि मिलिग्रे-सेंटिमीटर या एककांतले दोन आकडे उमटतात. त्यांना मातेच्या देहाची जाडी, गर्भाशयाची खोली आणि किरण कोठून कोठवर फिरले याची जोड दिली, की मानवी देहाच्या प्रतिकृतीत मापके ठेवून सिद्ध केलेल्या कोष्टकांवरून भौतिकतज्ज्ञाला गर्भाच्या मात्रेचा अदमास बांधता येतो. छातीच्या एक्स-रेत तो एक शतांश मिलिग्रेहून कमी, छातीच्या सीटीत सहसा एक मिलिग्रेच्या आत, आणि गर्भच किरणांच्या वाटेत येतो त्या ओटीपोटाच्या सीटीत सरासरी २५च्या आसपास भरतो. १०० मिलिग्रेखालील मात्रा हे गर्भपाताचे कारण मानू नये, असे आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २००० सालीच बजावले आहे. अल्प मात्रेनेही बालपणीच्या कर्करोगाची शक्यता किंचित वाढते असे मानले जाते, म्हणून निष्कारण तपासणी टाळलीच पाहिजे; पण आकडा हाती नसलेल्या घरात 'मूल ठेवावे की नाही' अशी कुजबुज सुरू होते, आणि निरोगी गर्भावर गंडांतर येते.

किरणकक्षात काम करणाऱ्या गर्भवती तंत्रज्ञाच्या गर्भासाठी आपल्या देशाच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने एक मिलिसीव्हर्टची मर्यादा घातली आहे. रुग्ण स्त्रीला तशी मर्यादा नाही, आणि असूही नये, कारण तेथे तिचाच जीव पणाला लागलेला असतो. मर्यादा नाही म्हणून हिशेबही नको, असे मात्र होत नाही. नाशकातच मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांच्या रुग्णालयांतून ही ओळ लिहिण्याचा प्रघात पाडावा, आणि तीत गर्भाचे आठवडेही नमूद व्हावेत, कारण गर्भधारणेपासून आठव्या ते पंधराव्या आठवड्यांत मेंदूला किरणांचा धोका सर्वाधिक असतो.