रोज रात्रीचा पत्ता द्या

‘मोटरहोम घ्या आणि वाट फुटेल तिकडे निघा’ असं सांगणाऱ्या प्रत्येक रीलखाली एक ओळ सक्तीची करायला हवी: सांगणाऱ्याचा पासपोर्ट कुठल्या देशाचा आहे?

मी इंग्लंडमध्ये राहतो, पासपोर्ट भारतीय. भाड्याचं मोटरहोम घेऊन डोव्हरहून बोटीने कॅले, मग फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल, सहा आठवडे. गाडीची तयारी सोपी होती. इथे १९९७ पासून मिळालेल्या कारच्या लायसन्सवर साधारण ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, म्हणून तेवढ्यातली निवडली. मागे ‘यूके’चं स्टिकर. आईने पाठवलेलं तूप घरीच राहणार, कारण ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून तिकडे दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. (हे मला जास्त लागलंय, पण असो.)

खरी तयारी व्हिसाची. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, बँकेचे कागद हवेत. ते मागावेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण राहण्याच्या जागेचाही पुरावा हवा. अहो, जागा चाकांवर आहे! शिवाय ज्या देशात जास्त रात्री, अर्ज त्याच देशाकडे. म्हणजे स्पेनचा एखादा किनारा आवडून आपण तिथे रेंगाळणार की नाही, हे घरबसल्या आधीच मोजायचं.

माझ्या ऑफिसातला ब्रिटिश मित्र हाच प्रवास व्हिसाशिवाय करतो. १८० दिवसांत ९०च दिवस मिळतात म्हणून तो कुरकुरतो. मी ऐकून घेतो.

आपल्या लोकांचा सल्ला ठरलेला: ‘फुकट रद्द होणारी हॉटेलं टाक, व्हिसा आला की उडव.’ याला आपण हुशारी म्हणतो. मला ती लाचारी वाटते. ज्या हॉटेलात जायचंच नाही त्याचं नाव सहीनिशी लिहून द्यायचं, आणि पकडले गेलो तर नकाराचा शिक्का आपल्याच नावावर. नियम करणाऱ्याचं काहीच जात नाही. उलट आपण सगळेच गुपचूप खोटं लिहितो, म्हणून त्या रकान्याचा मूर्खपणा कुणाला दिसत नाही. मोटरहोमचा भाडेकरार हाच मुक्कामाचा पुरावा धरा, एवढी साधी मागणीसुद्धा आपण करत नाही.

मी ती अर्जासोबतच्या पत्रात लिहिली आहे. तरी फाइल अडू नये म्हणून खऱ्या कॅम्पसाइटही बुक करतोय, पैसे भरून. ४२ रात्रींपैकी २८ झाल्या. १४ उरल्यात.