मशीन बंद, पण पाणी चालूच!

मैत्रिणींनो, धुण्याचे मशीन घरात आले की आपण त्याला हळदकुंकू वाहतो, वर छानसे झाकण शिवून घालतो. मागच्या नळीकडे मात्र वर्षानुवर्षे कुणी ढुंकून पाहत नाही. घरात पाणी पसरते ते पुष्कळदा तिथूनच.

एक गोष्ट आधी पक्की लक्षात घ्या. फुल्ली ऑटोमॅटिक मशीनचे बटण बंद केले म्हणजे पाणी बंद झाले, असे नव्हे. भिंतीवरचा नळ उघडा असेल तर गच्चीवरच्या टाकीचा दाब त्या नळीवर रात्रंदिवस राहतो. नळी चिरली किंवा निसटली, की टाकी रिकामी होईपर्यंत पाणी वाहणार. हिशेब करून बघा : दहा फूट बाय सहा फूट जागेत इंचभर पाणी साचायला सुमारे १४० लिटर पुरतात. टाकी ५०० लिटरची, आणि आपण आमगावला लग्नात! म्हणून धुणे आटोपले की नळ बंद करायचाच. कुकरखालचा गॅस बंद करतो ना, तसा.

आपला गोंदिया जिल्हा धानाचा. वर्षाचा तांदूळ घरात भरून ठेवायची रीत अजून कितीतरी घरांत आहे. जागेच्या अडचणीमुळे ते कट्टे मशीनच्या जवळपासच रचलेले असतात. कट्टा खालून ओल ओढतो, वरून कोरडाच दिसतो. कुबट वास येईस्तोवर खालचा तांदूळ गेलेला असतो. तेव्हा कट्टे लाकडी पाटावर किंवा विटांवर फळी टाकून, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.

आणि तांदूळ तिथे उंदीर आलेच! वरून कपडे टाकायच्या बऱ्याच मशीनचा तळ उघडा असतो. उंदीर तिथून आत शिरतात, रबरी नळ्या आणि वायरी कुरतडतात. मेकॅनिककडून तळाला जाळी बसवून घ्या.

गळते कुठून, हे ओळखायला मोठी विद्या लागत नाही. मशीनखाली कोरडे वर्तमानपत्र पसरा आणि एक धुणे लावून लक्ष ठेवा.

● पाणी भरतानाच कागद मागून भिजला, तर नळाजवळचा जोड किंवा आतला रबरी वॉशर गेला.

● पुढून भिजला, तर दाराचे रबर तपासा. त्यात केस, टाचणी, नाणे अडकते. पुढून दार असलेल्या मशीनमध्ये हाताने धुण्याची पावडर घातली तरी फेस फुगून बाहेर येतो.

● पाणी सोडताना भिजला, तर सांडपाण्याची नळी किंवा पंप पाहावा. कधी मशीन निर्दोष असते आणि मोरीच्या जाळीत दोरे अडकून पाणी उलटे फिरते. जाळी दर आठवड्याला साफ करावी.

● मशीन बंद असतानाही ओल दिसली, तर नळ किंवा आत पाणी घेणारा व्हॉल्व्ह गळतो आहे.

मागची नळी दर महिन्याला हाताने चाचपून पाहा. फुगवटा, चीर किंवा गंज दिसला की लगेच बदला. वरवर चांगली दिसली तरी पाच वर्षांनी नवी घ्यावी. बोअरचे पाणी असेल तर नळीच्या तोंडाची बारीक जाळीही वरचेवर धुवावी.

घरात गवंड्याचे काम निघालेच, तर दोन गोष्टी करून घ्या. फरशीला मोरीकडे उतार हवा, दहा फुटांना निदान सव्वा इंच. आणि त्या जागेच्या दाराशी दोन इंचांचा उंबरा. तेवढ्याने पाणी मोरीकडे वळते, खोलीत येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. तांदूळ पुन्हा घेता येईल, माणूस नाही. मशीनखाली पाणी दिसले की फडके घेऊन धावू नका. आधी कोरड्या जागी उभे राहून मेन स्विच बंद करा, मग नळ, आणि त्यानंतर पुसणे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना तोवर तिकडे फिरकू देऊ नका. मशीनचा प्लग भिंतीवर उंच असावा, जमिनीवरच्या एक्स्टेंशन बोर्डात कधीच नको. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा ब्रेकर बसवून घ्या. मशीनला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर “जुनं झालंय, चालायचंच” म्हणू नका. त्या दिवशी धुणे हाताने झाले तरी चालेल.

पावसाळ्यात तर भिंतीच ओल्या असतात, त्यामुळे मशीनची गळती ध्यानातच येत नाही. तेव्हा मृग लागण्याआधीच एकदा मशीन पुढे ओढून मागची बाजू पाहून घ्या. घरच्या मंडळींना नळ कुठे आणि मेन स्विच कुठे, तेही दाखवून ठेवा. वेळेला तुम्ही घरी असालच असे नाही!