रंग आंघोळीत जातो

फाल्गुनात सगळे एकाच रंगाचे होतात, हे वाक्य मला आता ऐकवत नाही. लखनौच्या जानकीपुरममध्ये मी राहतो, तिथे होळीच्या दिवसांत वैष्णव मंडळींची कीर्तनं रंगतात. गुलाल सर्वांच्या कपाळी सारखाच लागतो. प्रसादाच्या वेळी मात्र आवार झाडणारी बाई दाराशी उभी राहते आणि तिच्या हातावर द्रोण वरून सोडला जातो. ‘तीच पंगतीत बसत नाही,’ असं भक्तमंडळी सांगतात. तिच्यासाठी पान कुणी मांडलं होतं?

आपण मराठी लोकांनीही यावर हसू नये. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पैठणला नाथषष्ठी असते. १५९९ साली याच तिथीला एकनाथांनी देह ठेवला. नाथांनी श्राद्धाचं अन्न अस्पृश्यांना वाढलं, ही कथा आपण कौतुकानं सांगतो. तरीही पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावं लागलं. मधली जवळजवळ साडेतीनशे वर्षं कीर्तन चालूच होतं आणि दारही बंदच होतं.

कीर्तन खोटं नव्हे. पण समतेची परीक्षा रंगात घेणं ही पळवाट आहे. रंग आंघोळीत जातो. परीक्षा पंगतीत घ्या. आधी त्या बाईचं पान मांडा, मग मृदंगावर थाप पडू द्या.