मुलगा आहे ना, मग पैसे कशाला?



परवा आमच्या स्वाध्याय मंडळातली एक मैत्रीण घरी आली. एप्रिलमध्ये ती आणि तिचे मिस्टर पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेत, मुलाकडे, चार महिन्यांसाठी. पर्युषणाच्या आत परत. येताना वही-पेन घेऊनच आली होती. भाजणी किती न्यावी, मेतकूट डब्यात की पिशवीत, गुडघ्याची गोळी चार महिन्यांची एकदम मिळते का, विमानात जेवणाचं काय सांगायचं, असं आमचं तास-दीड तास चाललं होतं. तिने दोन पानं भरली. शेवटी मी विचारलं, "आणि पैशाचं काय केलंस? फोनचं?"

ती हसली. म्हणाली, "अगं, मुलगा आहे ना! मला कशाला पैसे लागतात? आणि फोनला त्यांच्या घरी वाय-फाय आहे की."

2011 मध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा मीही अगदी हेच म्हणाले होते. त्या वेळी ह्यांच्या पाकिटात डॉलर होते आणि माझ्या पर्समध्ये रुमाल, जपमाळ आणि पासपोर्टची झेरॉक्स. काही बिघडलं नाही. सहा आठवडे मुलगा-सून हाताला धरून फिरवत होते, त्यामुळे कधी काही लागलंच नाही. बिघडलं ते 2018 मध्ये, आणि ते मी आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा मुलगा न्यू जर्सीत एडिसनला राहायला आला होता. तो रोज ट्रेनने न्यूयॉर्कला जायचा, सूनबाईंचं ऑफिस दुसऱ्या दिशेला, नात शाळेत. दिवसभर घरात आम्ही दोघंच. एका दुपारी जेवण झाल्यावर ह्यांना एकदम गरगरायला लागलं. घामाने सदरा भिजला. मी मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोन लावला, तो उचलेना. शेजारच्या गुजराती भाभींचं दार वाजवलं. त्या देवासारख्या धावून आल्या, गाडी काढली आणि आम्हाला जवळच्या अर्जंट केअरमध्ये घेऊन गेल्या. अर्जंट केअर म्हणजे आपल्याकडच्या नर्सिंग होमच्या ओपीडीसारखं, अपॉइंटमेंटशिवाय दाखवता येतं असं ठिकाण.

काउंटरवरच्या मुलीने दोन गोष्टी मागितल्या, विम्याचे तपशील आणि कार्ड. विमा आम्ही काढला होता, पण त्याची कागदपत्रं ह्यांच्या ईमेलमध्ये. ह्यांचा फोन घरी चार्जिंगला. माझा फोन घराच्या वाय-फायबाहेर पडल्याबरोबर नुसता डबा झाला होता. तिथल्या वाय-फायचा पासवर्ड विचारायचा असतो हेही मला सुचलं नाही. पर्समध्ये सहा डॉलर, आणि नातीने लिंबू-सरबताच्या 'दुकाना'तून मला बक्षीस दिलेली चार नाणी. भाभींनी काही न बोलता स्वतःचं कार्ड पुढे केलं.

ह्यांना काही झालेलं नव्हतं. पाणी कमी पडलं होतं आणि रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली गेली होती. संध्याकाळी मुलाने भाभींचे पैसे चुकते केले, विषय संपला. पण मला रात्री झोप लागेना. गरिबीची लाज वाटावी अशी आमची परिस्थिती नाही. सांगलीत माझ्या नावावर दोन एफडी होत्या. मी 1980 ची बी.कॉम., बुककीपिंगला वर्गात पहिली. आणि नवऱ्याच्या उपचारासाठी परक्या बाईने पर्स उघडली तेव्हा मी पदर सावरत उभी होते.

यावर आपल्या बायकांचं एक ठरलेलं उत्तर असतं, तेच आधी घेते. "मला पैशाचा मोह नाही, आपला धर्म अपरिग्रहाचा." ऐकायला छान वाटतं. मीही पुष्कळ वर्षं असं म्हणत आले. पण तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहाची ओळख मूर्च्छा, म्हणजे आसक्ती, अशी करून दिली आहे. वस्तू हातात असणं-नसणं ही बाब तिथे मुख्य नाही. आणि श्रावक-श्राविकेचं व्रत आहे परिग्रहपरिमाण, म्हणजे आपल्याजवळ किती असावं याची मर्यादा आपण घालून घ्यायची. जिला स्वतःकडे किती आहे, कुठे आहे आणि त्याचा पासवर्ड काय हेच माहीत नाही, ती मर्यादा कशाची घालणार? माहीत नसण्याला आपण त्याग म्हणतो आहोत, असं मला वाटतं. कुणाला राग आला तर येऊ दे.

याच मुक्कामातला दुसरा प्रसंग. रविवारी आम्ही फ्रँकलिन टाऊनशिपच्या जैन मंदिरात गेलो होतो. दर्शन झालं, दानपेटीशी आले आणि सवयीने पर्समध्ये हात घातला. मुलाने मागून वीस डॉलरची नोट माझ्या हातात दिली. "टाक आई." टाकली. आता हे दान कोणाचं? नोट त्याची, हात माझा. आमच्या बुककीपिंगच्या सरांनी ही एंट्री कुठल्या खात्यात घातली असती कोण जाणे. सांगलीत मी रोज माझ्या पिशवीतले दहा रुपये टाकते आणि तिथे वीस डॉलर टाकूनही मला काही टाकल्यासारखं वाटलं नाही.

2024 मध्ये पुन्हा जाण्याआधी मी ठरवलं की या वेळी स्वतःचं खातं, स्वतःचं कार्ड आणि स्वतःचा फोन. ह्यांना आधी ते लागलं. "माझ्यावर विश्वास नाही का?" विश्वासाचा प्रश्न नाही म्हटलं, तुम्हाला गरगरलं तर काय, हा प्रश्न आहे. मग काही बोलले नाहीत.

बँकेत स्वतः गेले. परकीय चलन घ्यायला पॅनकार्ड लागतं आणि एक फॉर्म भरावा लागतो. माझ्याच नावाने फॉरेक्स कार्ड घेतलं, त्यात डॉलर भरून ठेवले. रोख नोटा थोड्याच घेतल्या. अमेरिकेला जाताना रोख परकीय चलन एका प्रवासाला 3,000 डॉलरपर्यंत नेता येतं, पण तेवढं न्यायची गरजच पडत नाही. मी दोनशे नेले, तेही सुट्ट्या नोटांत. आपले रुपये मात्र आठवणीने ठेवा, 25,000 पर्यंत नेता येतात. परत आल्यावर मुंबईला उतरून सांगलीची गाडी पकडायची असते, तेव्हा लागतात.

फॉरेक्स कार्ड फुकट असतं असं कुणी समजू नका. डॉलरच्या दरातच त्यांचा नफा असतो. पण तो आधी कळतो. आपलं नेहमीचं क्रेडिट कार्ड तिथे चालवलं तर बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत जास्तीचा आकार बसतो आणि त्यावर जीएसटी. तेव्हा डॉलर 84 च्या घरात होता. म्हणजे शंभर डॉलरच्या खरेदीवर 294 रुपये आकार आणि 53 रुपये जीएसटी, मिळून 347 रुपये निव्वळ वर. तरी एक क्रेडिट कार्ड अडीअडचणीला जवळ ठेवलंच. ते आपल्या देशाबाहेर चालायला बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशातला वापर सुरू करावा लागतो. 2020 पासून नवीन कार्डांना ही सोय मुळात बंद ठेवलेली असते. घरी बसून दोन मिनिटांत होतं. दुकानात मशीनने "रुपयांत की डॉलरमध्ये" असं विचारलं तर डॉलर म्हणायचं. रुपये म्हटलं की ओळखीचा आकडा दिसतो म्हणून बरं वाटतं, पण तो दर आपल्याला महागच पडतो. आणि आपलं यूपीआय तिथल्या दुकानांत चालेल या भरवशावर राहू नका.

नाण्यांचं एक गंमतशीर आहे. पाच सेंटचं नाणं मोठं आणि दहा सेंटचं त्याहून लहान! नातीने मला टेबलावर मांडून शिकवलं आणि परीक्षा घेतली. वस्तूवर लिहिलेली किंमतही शेवटची नसते, कर काउंटरवर चढतो. न्यू जर्सीत तो 6.625 टक्के आहे. घरचा किराणा आणि साधे कपडे यांवर मात्र नाही. पहिल्यांदा पेन-वह्या घेताना मी नेमके पैसे मोजून हातात धरले होते आणि ते कमी पडले. मागे रांग. पण पर्स माझी होती, त्यामुळे आणखी एक नोट काढली आणि झालं.

आता फोन. माझ्या फोनमध्ये दोन सिम बसतात. एका जागी आपलं भारतातलं सिम तसंच ठेवलं, दुसरीकडे तिथे गेल्यावर महिन्याच्या प्लॅनचं अमेरिकन सिम घेतलं. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर चालू राहतं. नंबर बदलायचा का असं त्याने विचारलं तर नाही म्हणायचं. भारतातलं सिम का ठेवायचं, तर बँकेचे ओटीपी त्याच्यावर येतात. निघण्यापूर्वी कंपनीला सांगून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, त्या सिमचं इंटरनेट बंद ठेवा, रिचार्ज परतीच्या तारखेपुढचा करा. येणाऱ्या एसएमएसचे पैसे पडतात का ते आधी विचारा. माझ्या प्लॅनमध्ये पडत नव्हते. त्या नंबरवर फोन आला तर उचलायचा नाही, उचलला की मीटर चालू.

ह्यांनी हे ऐकलं नाही. सिम काढून कागदाच्या पुडीत बांधून ठेवलं, "हरवायला नको" म्हणून. जुलैमध्ये इथल्या विम्याचा हप्ता भरायची वेळ आली. ओटीपी सांगलीच्या नंबरवर जातोय आणि सांगलीचा नंबर पुडीत. पुडी कुठे ठेवली ते आठवेना. दोन दिवस आम्ही बॅगा उचकत होतो. शेवटी चष्म्याच्या घरात सापडली, तोवर हप्ता माझ्या खात्यातून, माझ्या ओटीपीवर भरून झाला होता. मी काही बोलले नाही. (थोडंसं बोलले.)

स्वतःचं इंटरनेट असलं की पाय मोकळे होतात, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तिथली घरं एकसारखी, गल्ल्या एकसारख्या, रस्त्यावर विचारायला माणूस नाही. 2018 मध्ये मी कोपऱ्याच्या पुढे जात नव्हते. 2024 मध्ये रोज सकाळी नकाशा लावून वाचनालयापर्यंत चालत जायचे. तिथली सार्वजनिक वाचनालयं म्हणजे काय सांगू! थंडगार हॉल, फुकट वाय-फाय, मराठी बोलणारी एखादी आजी हमखास भेटणार. फक्त अशा सार्वजनिक वाय-फायवर बँकेचं काही उघडू नका, ते आपल्या सिमवरच. दुकानात दह्याचा डबा उचलला तरी मी मागची यादी वाचते, कारण तिथल्या कित्येक दह्यांत जिलेटिन असतं. एखादा शब्द कळला नाही तर तिथेच फोनवर बघायचं. दर वेळी सूनबाईंना मीटिंगमधून उठवायचं नाही.

मुलाला वाईट वाटत नाही का? वाटतं. पहिल्याच आठवड्यात किराणा घेताना मी कार्ड पुढे केलं तर त्याचा चेहरा पडला. "आई, तू पाहुणी आहेस का?" तिथे मी चुकले. आमच्या ओळखीच्या एक बाई मुलाकडे राहून रोजचा खर्च डायरीत लिहितात आणि महिन्याला हिशेब करून देतात. तो मला लॉजमधला मुक्काम वाटतो. आम्ही दोघांनी बसून ठरवलं की घर त्याचं, घरखर्च त्याचा. आमची औषधं, माझा फोन, मंदिर, आणि शुक्रवारी नातीचं आइस्क्रीम, ही माझी खाती. चार महिन्यांत यावरून एकदाही कुरबुर झाली नाही. सूनबाईंचं वागणंही थोडं बदललं, असं मला वाटतं. "आईंना विचारून सांगते" हे पूर्वी ती ह्यांच्याबद्दल म्हणायची, "बाबांना विचारून."

फ्रँकलिन टाऊनशिपला पुन्हा गेलो, तेव्हा पेटीत अकरा डॉलर टाकले, दहाची नोट आणि एकाची. मुलाने पाकिटाला हात घातला होता, त्याला थांबवलं.

हे सगळं मी मैत्रिणीला सांगितलं. ती गप्प बसून ऐकत होती. वहीत तिसरं पान तिने उघडलं खरं, पण लिहिलं काहीच नाही. मला वाटलं, पटलेलं दिसत नाही. काल रात्री नऊला तिचा फोन आला. सोमवारी बँकेत येशील का माझ्याबरोबर, म्हणाली. पॅनकार्ड दोन दिवस शोधत होती. सापडलं. तिच्या मिस्टरांच्या पाकिटात होतं, गेली अकरा वर्षं.