एका ओंडक्याची चूल

चूल मांडावयाची म्हणजे तीन धोंडे, त्यांच्या पोटांत लांकडें आणि हाताशीं फुंकणी, असें चित्र आपल्या मनांत उभें राहतें. युरोपच्या उत्तरेस स्वीडन व फिनलंड या देशांत मात्र अशी एक चूल रूढ आहे कीं, तिला धोंडेही लागत नाहींत आणि फुंकणीही लागत नाहीं. तेथें एकच उभा ओंडका चूलही होतो आणि जळणही होतो. फिन लोक तिला 'लांकूडतोड्याची मेणबत्ती' म्हणतात. जर्मन लोक 'स्वीडिश विस्तव' म्हणतात. तीस वर्षांच्या युद्धांत (१६१८–१६४८) स्वीडिश शिपायांनीं ती जर्मनींत नेली, अशी आख्यायिका आहे. ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी. फिनलंडांत रोव्हानिएमी येथें केमियोकी नदीवर १९८९ सालीं जो पूल पुरा झाला, त्याला मात्र खरोखरच या मेणबत्तीचें नांव दिलेलें आहे. ज्या नदींतून लांकूडतोडे पिढ्यान् पिढ्या ओंडके वाहवीत नेत, तिच्यावर हें स्मारक शोभतें.

ही युक्ति निघण्याचें कारण बर्फ. बर्फावर लांकडें रचून जाळ केला, तर खालचें बर्फ वितळतें, जाळ खोल रुततो आणि आपल्याच उष्णतेनें झालेल्या पाण्यांत विझून जातो. दिवसभर रानांत राबून हातपाय गारठलेल्या माणसास असा विझलेला जाळ म्हणजे नुसती गैरसोय नव्हे, तें जिवावरचें संकट होय. उभ्या ओंडक्याचा जाळ माथ्यावर असतो. बूड ओलें झालें तरी त्याला धक्का लागत नाहीं.

कृति सोपी आहे. पाइन किंवा स्प्रूस जातीचा चांगला वाळलेला ओंडका घ्यावा; सुमारें ३० सें. मी. जाड आणि ५० सें. मी. उंच असला म्हणजे पुरे. दोन्ही टोकें सपाट असावीं. माथ्यावरून करवतीनें फुलीसारख्या दोन चिरा पाडाव्या, आणि त्या तीन-चतुर्थांश खोलीपर्यंत न्याव्या. बुडाचा भाग अखंड ठेवावा. हातकरवतीची चीर फार अरुंद पडते. म्हणून मोठी करवत नसेल, तर कुऱ्हाडीनें ओंडक्याच्या उभ्या चार फाकी कराव्या, मध्यें बोटभर फट ठेवून त्या पुन्हा उभ्या कराव्या आणि बुडाशीं तारेनें आवळाव्या. चिरांत बारीक ढलप्या व भूर्जाची साल खोंचून मध्यभागीं पेटवावें. आपल्या पूर्वजांनीं हिमालयांतील ज्या भूर्जाच्या सालीवर पोथ्या लिहिल्या, त्याच्याच कुळांतला हा उत्तरेकडील वृक्ष. त्याची साल तेलकट असल्यामुळें दमट हवेंतही पेट घेते.

यांतील मर्म त्या चिरांत आहे. अखंड ओंडका कितीही वाळलेला असला, तरी काडीनें पेटत नाहीं. तो बाहेरून काळवंडतो आणि थंड होतो. चीर पडली कीं आंत वारा खेळूं लागतो. तापलेली हवा वर जाते, तिच्या जागीं बाजूनें ताजी हवा शिरते, आणि निखारे खालीं गळून खालचें लांकूड पेटवितात. अग्नीला जळण जितकें हवें, तितकीच मोकळी जागाही हवी. आपल्याकडील भुशाची शेगडी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस हें नवीन वाटणार नाहीं. डब्यांत मधोमध बाटली उभी धरून भोंवतीं भुसा ठासून भरावयाचा आणि मग बाटली अलगद काढून घ्यावयाची. जी पोकळी उरे, तिच्यामुळेंच तर शेगडी जळे!

हाच नियम भांडें ठेवतांना विसरूं नये. सपाट बुडाचें पातेलें थेट माथ्यावर ठेवलें, तर चिरांचें तोंड बंद होऊन जाळ गुदमरतो. म्हणून तीन लहान दगड अगर ओल्या काठीचे तुकडे मध्यें ठेवावे. जड भांडें आरंभींच चढवावें; फाकी जळून बारीक झाल्या म्हणजे त्या बाहेर कलतात. बेताचा ओंडका दोन-तीन तास सहज जळतो. लांकडांत राळ असल्यानें काजळी फार धरते. तेव्हां आपल्या घरच्या रीतीप्रमाणें बुडाला मातीचा लेप द्यावा.

घरांतील तरुण मंडळी सुटींत सह्याद्रीवर जातात. ही चूल पाहून तेथें ती करण्याचा मोह त्यांस होईल. म्हणून वडील माणसांनीं एक गोष्ट आधींच बजावून सांगावी. पावसाळा सरला कीं आपल्या डोंगरांवरील गवत वाळतें, आणि एक ठिणगी सारा उतार जाळूं शकते. राखीव वनांत मुभेवांचून विस्तव पेटविणें भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वयें गुन्हाही आहे. जेथें ही चूल जन्मली, तेथेंही मोकळीक नाहीं. फिनलंडांत जमिनीच्या मालकाच्या परवानगीवांचून जाळ करतां येत नाहीं, आणि वणव्याचा इशारा असतां तर मुळींच नाहीं. स्वीडनमध्यें २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यांत मोठे वणवे भडकले होते.

तेव्हां हा प्रयोग आपल्या अंगणांत, उघड्या मातीवर, पाण्याच्या दोन बादल्या शेजारीं ठेवूनच करावा. मुलांनीं कलत्या फाकींपासून दूर उभें राहावें. जेवणें झाल्यावर ओंडका काळा दिसला, म्हणून तो विझला असें समजूं नये. त्याच्या पोटांत निखारा कितीतरी वेळ जिवंत राहतो. फाकी सुट्या कराव्या, त्यांवर पाणी ओतावें, उलथून पुन्हा ओतावें, आणि हाताची पाठ जवळ नेऊन ऊब लागत नाहीं, अशी खात्री झाल्यावरच घरांत जावें.